आधी गच्ची, मग एसी: नागपुरातल्या एका जुन्या घराच्या नूतनीकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर नागपूरच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या लेआउटमधलं. प्लॉट अठराशे चौरस फुटांचा, तळमजला आणि वर एक मजला, बांधकाम १९९० च्या दशकातलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंडही पश्चिमेला. वरच्या मजल्यावर दोन बेडरूम आणि एक हॉल, मिळून साधारण ६५ चौरस मीटर वापरायची जागा. तिच्यावर उघडी गच्ची. भिंती नऊ इंची विटांच्या, स्लॅब पाच इंची, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. त्या काळात नागपुरात अशाच पद्धतीने घरं बांधली जात, त्यामुळे पुढचा हिशेब बऱ्याच जणांना आपल्या घराचा वाटेल. नावं आणि पत्ता अर्थातच वगळला आहे.

घरात निवृत्त काका-काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा आयटीत. पुण्याचं भाड्याचं घर सोडून तो कायमचा नागपूरला आला आणि घरूनच काम करू लागला. तोवर वरचा मजला उन्हाळ्यात बंदच असायचा. मार्च संपला की गाद्या खाली यायच्या आणि पावसाळा लागला की वर जायच्या. आता मात्र मुलाला दिवसभर बसायला वरचीच खोली हवी होती, आणि नूतनीकरणाचा विषय तिथून निघाला.

ठेकेदाराने जो आराखडा दिला तो आजकाल सगळीकडे दिसतो तसाच. पश्चिमेच्या दर्शनी भागाला मोठी काच, जुन्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या स्लायडिंग, वरच्या खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग, आणि दीड टनाचे तीन पाच-स्टार एसी. एसींसाठी मंजूर भार वाढवून घ्यायचा खर्च वेगळा. गच्चीच्या नावापुढे एकच ओळ होती: ‘वॉटरप्रूफिंग, गरजेनुसार’.

अडचण

घरांच्या उष्णतेचा आणि विजेचा हिशेब मी करते. पण मला बोलावलं ते आराखडा तपासायला नाही. मुलाच्या एका मित्राने इंग्लंडमध्ये घर घेतलं होतं. तिथे घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की त्याचं ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, ए ते जी अशी श्रेणी असते आणि ते दहा वर्षं चालतं. मुलाने ते पाहिलं होतं. त्याचा प्रश्न सरळ होता: “मॅडम, तिन्ही एसी पाच स्टार घेतले तर आपल्या घराला किती स्टार मिळतील?”

प्रश्न ऐकायला भाबडा वाटला तरी तो चुकीच्या जागी पडलेला आहे एवढंच. आपल्याकडे स्टार म्हटलं की फ्रिज, पंखा, एसी डोळ्यांपुढे येतो. घरांसाठीही स्टार-लेबल आहे. बीईईने, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, ते २०१९ मध्ये आणलं. नव्या आणि जुन्या दोन्ही घरांना ते घेता येतं, पण ते ऐच्छिक आहे. त्यात वर्षाकाठी दर चौरस मीटरला किती युनिट लागतील याचा हिशेब करून एक ते पाच तारे देतात. हा हिशेब ठरावीक वापर गृहीत धरून होतो. तुम्ही एसी किती वाजता लावता आणि बिल किती येतं, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

त्याच्या थोडं आधी, १४ डिसेंबर २०१८ ला, इको-निवास संहिता आली. घराच्या ‘कवचा’साठी, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छतासाठी, तिने मर्यादा घातल्या. ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या नव्या निवासी बांधकामांसाठी आहे. आमचा प्लॉट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि घर जुनं, म्हणजे संहिता इथे कुणावर बंधनकारक नव्हती. पण फुकट मिळालेली तपासणी-यादी म्हणून ती वापरायला कुणाची हरकत असणार?

खरी अडचण काकांनी सांगितली. “रात्री दहा वाजता पंखा लावला तर गरम हवाच अंगावर फेकते. कूलर लावला तर जरा बरं, पण छताखाली बसवत नाही.” नवतपाच्या दिवसांत, मे संपता संपता, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आपली उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. बाहेर हवा थोडी निवते तेव्हा छत आतून सर्वात जास्त तापलेलं असतं. एसी त्या छताशी रात्रभर झुंजतो, मग त्याला तारे कितीही असोत.

पाहणी

मे महिन्यातच पाहणी करता आली हे नशीब. दिवाळीच्या सुमारास बोलावलं असतं तर सगळं अंदाजाने सांगावं लागलं असतं.

हातातल्या इन्फ्रारेड तापमापीने रात्री नऊ वाजता वरच्या बेडरूमचं छत ४१ अंश दाखवत होतं, पश्चिमेची भिंत आतून ३८. खालच्या मजल्याचं छत ३४ च्या आसपास. वर-खाली एवढा फरक असण्याचं कारण एकच, खालच्या छतावर ऊन पडत नाही.

मग कागदावरचा हिशेब. छतातून उष्णता किती सहज जाते ते यू-मूल्यावरून कळतं. जितकं कमी तितकं चांगलं. पाच इंची स्लॅब, आतलं प्लास्टर, वरचा चार इंची कोबा आणि दोन्ही बाजूंच्या हवेचा थर, या सगळ्यांचा रोध मिळवला तर यू-मूल्य २.३ च्या आसपास येतं. संहितेची मर्यादा १.२ आहे. म्हणजे छत दुपटीने ‘उघडं’ होतं.

भिंती आणि खिडक्यांसाठी संहितेत वेगळा आकडा आहे, आरईटीव्ही, म्हणजे त्यांच्यातून आत येणाऱ्या उष्णतेचं माप. तो दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये अशी अट आहे. त्याचं सूत्र नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी काय सांगतं ते पाहण्यासारखं आहे. भिंतीच्या यू-मूल्याचा गुणक ६.०६, काचेच्या यू-मूल्याचा १.८५ आणि काचेतून शिरणाऱ्या उन्हाचा ६८.९९. आपली नऊ इंची भिंत आणि साधी एकेरी काच यांचे आकडे त्यात घातले की एक चौरस मीटर काच भिंतीच्या पाचपट बोजा टाकते असं दिसतं. दिशेचा गुणक अजून लावायचाच आहे, आणि पश्चिमेचा तो उत्तरेपेक्षा बराच मोठा असतो. ठेकेदाराने दर्शनी भागाची जी काच काढली होती ती नेमकी तिथेच.

इथे एक सावधगिरी. आरईटीव्हीमध्ये छत धरतच नाहीत. बारा मजली इमारतीत छत हा कवचाचा छोटासा तुकडा असतो, म्हणून ते चालून जातं. एकमजली-दुमजली घरात उन्हाचा सगळा मारा छतावर. नुसता आरईटीव्ही पाहून ‘आपलं घर पास झालं’ म्हणणारा बंगलेवाला मे महिन्यात फसेल.

खिडक्यांचा तपशील सर्वांत बोलका निघाला. संहिता म्हणते की संमिश्र हवामानात उघडणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १२.५ टक्के असावं. ६५ चौरस मीटरला ते साधारण ८.१ होतं. वरच्या मजल्याच्या जुन्या लाकडी खिडक्या आणि गॅलरीचं दार मिळून १० चौरस मीटर. बिजागरीच्या पाल्ल्यांची खिडकी ९० टक्के उघडी धरतात, म्हणजे ९ चौरस मीटर, पास. ठेकेदाराच्या आराखड्यात हेच माप वाढून १२ झालं होतं, पण सगळ्या दोन पाल्ल्यांच्या स्लायडिंग. त्या एका वेळी निम्म्याच उघडतात. १२ चे झाले ६. काच वाढली, ऊन वाढलं आणि वारा एक-तृतीयांशाने कमी झाला. मुलाने हा हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि त्यानंतरच आराखड्यावर तो मोकळेपणाने बोलायला लागला.

समोरचे पर्याय

ठेकेदाराचा आराखडा जसाच्या तसा राबवणं हा पहिला पर्याय. फायदा असा की सगळं एका हाती आणि दिसायला नवं. तोटा वर आलाच.

दुसरा पर्याय शेजाऱ्यांनी केलेला: गच्चीवर पत्र्याचं शेड. सावली चांगली पडते, पाऊसही अडतो. पण महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न, वादळात पत्रे उडायची धास्ती, आणि काकूंची गच्ची जाते. काकूंनी एका वाक्यात विषय संपवला, “मग कुरडया अन् मुगवड्या काय तुमच्या डोक्यावर वाळवू?” हा मुद्दा मी गांभीर्याने घेतला. घरातल्या माणसांनी गच्ची कशासाठी वापरायची हे ठरवल्याशिवाय तिच्यावर काय घालायचं ते ठरत नाही.

तिसरा, गच्चीला चुना किंवा पांढरा रंग. सर्वांत स्वस्त. यात एक गंमत आहे. पांढऱ्या रंगाने ऊन परावर्तित होतं, स्लॅब कमी तापतो, हे अगदी खरं. पण यू-मूल्य त्याने बदलत नाही, कारण ते उष्णतेचं वहन मोजतं, परावर्तन नाही. संहितेची छताची अट यू-मूल्याची आहे. म्हणजे पाच-सात हजारांचा चुना खोली थंड करतो आणि कागदावर शून्य गुण मिळवतो. मानांकन आणि सोय या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात ते दाखवायला याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

चौथा, गच्चीवरून इन्सुलेशन: जलरोधक थर, त्यावर एक्सपीएसचे पत्रे (थर्माकोलच्या जातीचे, पण घट्ट आणि पाणी न पिणारे), त्यावर जाळीसह काँक्रीटचा पातळ थर आणि सर्वांत वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर). यात दोन्ही साधतं, पांढरेपणा आणि रोध. ५० मिलिमीटरचा पत्रा घातला तर यू-मूल्य ०.५ च्या आसपास येतं. २५ मिलिमीटरनेही ०.८ येतं, म्हणजे मर्यादेच्या आतच.

पाचवा, आतून इन्सुलेशन आणि खाली फॉल्स सीलिंग. गच्ची तोडावी लागत नाही, पण स्लॅब तापतच राहतो, गळती लपते आणि साडेनऊ फुटांची खोली साडेआठवर येते. पंखाही डोक्याजवळ येतो. मला हा पर्याय फ्लॅटसाठी पटतो, कारण तिथे गच्ची आपली एकट्याची नसते. इथे नाही.

सहावा म्हणजे सौर पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि पुढे ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पॅनेलची सावलीही स्लॅबवर पडते. मुलाचा कल इकडेच होता: “छत तापू दे ना, वीज फुकट आहे तर एसी चालवू.” त्याचं म्हणणं हिशेबात चुकीचं नव्हतं. पण वीज दुपारी तयार होते आणि छत रात्री त्रास देतं, आणि उन्हाळ्यात दुपारी लोडशेडिंग किंवा बिघाड झाला तर वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडलेली साधी सौर यंत्रणाही बंद पडते. त्या वेळी घर स्वतः किती सोसतं, यावरच सगळं असतं.

निर्णय कसे झाले

पहिला निर्णय चाचणीचा. काकांना इन्सुलेशनवर पैसे घालणं पटत नव्हतं. कोटेशन पावणेदोन लाखांचं होतं आणि तेवढ्यात तीनही एसी येत होते. मग एका बेडरूमच्या वरच्या गच्चीला चुन्याचे दोन हात दिले आणि दुसरी तशीच ठेवली. आठवड्याभराने रात्री नऊला दोन्ही छतं मोजली. चुन्याखालचं छत तीन अंशांनी कमी होतं. काका स्वतः तापमापी घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होते. आकडा त्यांच्या हाताने निघाला म्हणून त्यांना पटला, मी पाच वेळा सांगून पटला नसता.

मग प्रश्न उलटा आला. चुन्यानेच तीन अंश मिळत असतील तर पावणेदोन लाख कशाला? प्रश्न रास्त होता. याचं उत्तर गळतीत मिळालं. कोबा हातोडीने ठोकून पाहिला तर जिन्याकडच्या भागात पोकळ आवाज येत होता आणि खालच्या हॉलच्या कोपऱ्यात ओल दिसत होती. म्हणजे तोडणं, जलरोधक थर आणि नवा मोझॅक हे करायचंच होतं. तो खर्च बाजूला काढला तर इन्सुलेशनच्या पत्र्यांचा जास्तीचा खर्च साठ हजारांच्या आत आला. गच्ची एकदा मोझॅकने बंद झाली की पुढची पंधरा-वीस वर्षं पुन्हा उघडत नाही. करायचं तर आत्ताच. गच्ची सुकी आणि धड असती, तर मी दर उन्हाळ्यात चुनाच मारा असं म्हटलं असतं.

दुसरा निर्णय पश्चिमेच्या काचेचा. सुनेला मोठी खिडकी हवी होती आणि त्यात गैर काहीच नव्हतं. खिडकी उत्तरेच्या भिंतीत मोठी केली, पश्चिमेची जुन्याच मापाची ठेवली. पश्चिमेचं ऊन तिरकं आणि खाली येतं, छज्जा एक फुटाने वाढवून ते फारसं अडत नाही. म्हणून बाहेरून सोडायचे बांबूचे पडदे लावले. आतला पडदा ऊन आत आल्यावर ते अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. स्लायडिंगऐवजी बिजागरीच्या खिडक्या ठेवल्या. ठेकेदार त्यावर नाराज होता, कारण मच्छरजाळी बसवणं किचकट होतं. जाळीचे पाल्ले आतून वेगळे लावले.

तिसरा निर्णय एसींचा, आणि यात मला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला. ‘शंभर-सव्वाशे फुटाला एक टन’ हा बाजारातला ठोकताळा तापलेल्या छतासाठी असतो. छत सुधारलं तर तो लागू राहत नाही. शिवाय नागपुरात एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की दोनशे वॅटचा डेझर्ट कूलर एसीचं काम करतो. एसी खरा लागतो तो जूनच्या मध्यापासून, हवेत दमटपणा आल्यावर, कारण तेव्हा कूलरच्या ताट्यांमधून नुसतीच ओल येते. एसीच्या लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती १६०० तासांच्या वापराची. दीड टनाच्या तीन-स्टार आणि पाच-स्टारमध्ये त्या हिशेबाने दोनशे युनिटांच्या आसपास फरक पडतो. वापर पाचशे तासांचा असेल तर फरक साठ-सत्तर युनिटांवर येतो आणि किमतीतला फरक भरून यायला एसीचं अर्धं आयुष्य जातं. म्हणून मुलाच्या कामाच्या खोलीला एक टनाचा पाच-स्टार, दुसऱ्या बेडरूमला दीड टनाचा तीन-स्टार, हॉलला एसी नाही. तिथे कूलरच. मंजूर भार वाढवावा लागला नाही.

दुकानात एक गोष्ट बघायला सांगितली होती, लेबलवरचा वैधता कालावधी. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे नव्या निकषात चारच भरू शकतात, आणि सवलत नेमकी त्याच मालावर असते.

चौथा निर्णय घराच्या स्टार-लेबलचा. आम्ही अर्ज केला नाही. नागपुरात जुन्या घराचा ग्राहक अजून ते विचारत नाही, आणि अर्जासाठी लागणारे अचूक नकाशे नव्याने काढावे लागले असते. काकांना आधी ते खटकलं, शेजारी दाखवायला काहीतरी हवं होतं. मी त्यांना छताचं आणि खिडक्यांचं ‘आधी-नंतर’ लिहिलेला एक कागद दिला. तो त्यांनी महावितरणच्या बिलांच्या फाइलीत लावला.

प्रत्यक्ष काम

पावसाळा गेल्यावर ऑक्टोबरात गच्ची उघडली. इन्सुलेशनबरोबर मुलाच्या मनातले सौर पॅनेलही बसवायचे ठरले होते, म्हणून कामाचा क्रम आधीच ठरवावा लागला. पॅनेलवाल्याला गच्ची पूर्ण झाल्यावर येऊन स्लॅबमध्ये बोल्ट ठोकायचे होते. असं केलं की प्रत्येक बोल्ट म्हणजे जलरोधक थरातलं एक भोक, आणि गळती दिसेपर्यंत कोण कुणाला जबाबदार धरणार? म्हणून पॅनेलच्या पायांच्या जागा आधी आखल्या, काँक्रीटचे ठोकळे थेट स्लॅबवर ओतले, जलरोधक थर त्यांच्या अंगावर वर चढवला आणि मग त्यांच्याभोवती एक्सपीएसचे पत्रे बसवले. ठोकळ्यांतून थोडी उष्णता आत येते, पण क्षेत्रफळ नगण्य. पॅनेल दक्षिणेच्या कठड्याकडे सरकवले आणि पाण्याच्या टाकीशेजारचा चौकोन वाळवणासाठी मोकळा राहिला.

खरी अडचण मिस्त्रींच्या लक्षात आली. पत्रे रचून पाहत असताना त्यांनी ओळंबा आणि टेप बाजूला ठेवला आणि जिन्याच्या दाराशी उकिडवे बसले. “मॅडम, उंबरठा बुडते न. इथून पाणी सीधं जिन्यात उतरते पाहा.” दाराचा उंबरठा जुन्या गच्चीपेक्षा तीन इंच वर होता. पोकळ कोबा काढला तो भाग वगळता बाकीचा तसाच राहणार होता आणि त्यावर ५० मिलिमीटरचा पत्रा, काँक्रीट, मोझॅक मिळून पाच इंच चढणार होते. दोन वाटा होत्या. सगळीकडे २५ मिलिमीटरचा पत्रा घालून उंची वाचवायची, तरी ती पुरी पडली नसती. किंवा उंबरठा उचलायचा. उंबरठा सहा इंचांनी उचलला, दार खालून कापलं, आतल्या बाजूला एक पायरी वाढली. काकूंच्या गुडघ्यांसाठी तिथे भिंतीला धरायला पाइप लावला. पावसाचं पाणी जाणाऱ्या पाइपांची तोंडंही त्याच वेळी वर घेतली आणि ढाळ नव्याने काढला. मोझॅक घालण्याआधी गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस ठेवलं, खाली ओल आली नाही.

पंखे बदलणं हे सर्वांत सोपं काम. पंच्याहत्तर वॅटचे जुने पंखे काढून तीस वॅटच्या आसपासचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे लावले. नागपुरात वर्षातले नऊ महिने पंखा चालतो, त्यामुळे इथे ताऱ्यांचा हिशेब एसीपेक्षा सरळ जुळतो.

निकाल

पुढच्या मे महिन्यात रात्री नऊला त्याच बेडरूमचं छत ३६ अंश निघालं. बाहेरची हवा दोन्ही वेळी अगदी सारखी होती असं म्हणता येणार नाही, पण पाच अंशांचा फरक हवेने पडत नाही. मुलगा दुपारी वर कूलरवर काम करतो. एसी जूनपर्यंत क्वचितच लागला.

बिलाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. आधीच्या मे महिन्यात, सगळे खाली एकत्र झोपत असताना, ६५० युनिटच्या आसपास वापर होता. नंतरच्या मे महिन्यात तो ६०० च्या आसपास. फक्त पन्नास युनिट? मुलाचा चेहरा पडला होता. पण आधी पाच माणसं एका मजल्यावर दाटीवाटीने राहत होती, आता दोन्ही मजले चालू होते. त्यातल्या ३५० युनिट सौर पॅनेलने दिली, म्हणून बिल आलं २५० युनिटांचं. पाचशेच्या वरच्या दराच्या टप्प्यातून घर थेट तीनशेच्या आतल्या टप्प्यात आलं.

आता श्रेय कुणाला द्यायचं? बिल घटलं ते मुख्यतः सौर पॅनेलमुळे. वरचा मजला राहण्याजोगा झाला तो गच्चीमुळे. यू-मूल्य, खिडक्यांची टक्केवारी सुधारली ती कवचाच्या कामामुळे. मुलगा सगळ्यांना पॅनेलचं ॲप दाखवतो, कारण त्यात आकडे हलतात. मोझॅकखालच्या पत्र्याला ॲप नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पश्चिमेची भिंत तशीच राहिली. घर बाहेरून रंगवायला परांची उभी होती, त्या वेळी त्या एका भिंतीला बाहेरून इन्सुलेशन किंवा पातळ ब्लॉकचा दुसरा पदर देता आला असता. बजेट संपलं म्हणून ते काम मागे पडलं. दर्शनी भागाच्या टाइल्सवर झालेला खर्च त्याच भिंतीवर करावा असं माझं मत होतं, घरातल्यांचं नव्हतं. दर्शनी भाग शेजारी बघतात, भिंतीचं तापमान नाही. आता परांची पुन्हा उभी करायची म्हणजे पुढच्या रंगकामापर्यंत थांबावं लागेल. रात्री ती भिंत अजून ३७ अंश दाखवते.

वरच्या मजल्याला स्वतंत्र सबमीटर बसवायला हवा होता. वायरिंग उघडं असताना हजार-दीड हजारांत झाला असता. तो असता तर कुठल्या मजल्याने किती वीज खाल्ली, एसीने किती आणि कूलरने किती, हे अंदाजाने सांगावं लागलं नसतं. बारा महिन्यांची बिलं काम सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवली होती म्हणून निदान एवढी तरी तुलना झाली.

सौर यंत्रणेचं माप ठरवायला एक उन्हाळा थांबलो असतो तर बरं झालं असतं. ३ किलोवॅट हे अनुदानाच्या टप्प्याकडे बघून ठरलं, नव्या घराचा वापर बघून नाही. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जास्तीची वीज महावितरणच्या खात्यात जमा होत राहते. नुकसान नाही, पण २ किलोवॅटमध्ये भागलं असतं का, हे आता कळायला मार्ग नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र काम चोख झालं. मोझॅक घालण्याआधी पत्र्यांचे फोटो शेजारी टेप ठेवून काढले, पत्र्यांच्या जाडीचं बिल आणि जलरोधक थराचं हमीपत्र फाइलीत लावलं. पुढे कधी घर विकायचं ठरलं किंवा स्टार-लेबलचा अर्ज करायचा झाला, तर मोझॅकखाली काय आहे हे दाखवायला तेवढाच पुरावा असेल. नाहीतर तपासणाराला तो साधा स्लॅबच धरावा लागेल.